मागचा सील नव्हे, टॅपेट कव्हरचे पॅकिंग : ३१,७५० रुपयांची फसवणूक

हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पण मी गप्प बसलो तर तोच गॅरेजवाला उद्या आणखी कोणाच्या तरी गाडीखाली टॉर्च धरून तेच सांगेल, म्हणून लिहितो आहे. जुन्या गाडीच्या इंजिनातून ऑइल गळते म्हणून मी एका गॅरेजमध्ये ३१,७५० रुपये मोजले आणि गळती होती त्या जागेला तिथे कोणी हातही लावला नाही. तीच गळती नंतर दुसऱ्या मेकॅनिकने १,१५० रुपयांत, तासाभराच्या आत बंद केली.

माझी गाडी २०११ची, पेट्रोलवरची, १,०८,००० किलोमीटर चाललेली आहे. सकाळी गाडी काढली की खाली फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला आणि तो नेमका इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले असतात त्या जागेखाली पडत होता. पंधरा दिवसांत ऑइल मोजायच्या पट्टीवरचे ऑइल वरच्या खुणेवरून मध्यापर्यंत उतरले. बहुतेक गाड्यांमध्ये त्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास ऑइल गेले होते. ऑइलचा लाल दिवा लागलेला नव्हता आणि धूरही निळसर नव्हता. एवढ्यावरून मला कळायला हवे होते की घाई करण्यासारखे काही नाही. ऑइल पुरेसे ठेवून आणि पट्टी रोज पाहून मी आणखी दोघांना विचारू शकलो असतो.

त्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, खालून बोट फिरवले आणि म्हणाला, ‘‘साहेब, मागचा क्रँक सील गेला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. असेच चालवलेत तर इंजिन जाम होईल, मग पन्नास-साठ हजार धरा.’’ क्रँक सील म्हणजे इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारे रबरी कडे. बॉनेट त्याने उघडलेच नाही. अंदाज ९,५०० रुपयांचा दिला आणि ६,००० रुपये रोख आगाऊ घेतले. दोन दिवसांनी फोन आला की क्लच प्लेट संपली आहे, गिअरबॉक्स उतरवलेलाच आहे तर आत्ताच बदलून घ्या. त्याचे ९,८०० रुपये. पुढच्या दिवशी फ्लायव्हील लेथवर घासणे, दोन माउंटिंग, ऑइल, फिल्टर आणि वाढीव मजुरी असे १२,४५० रुपये निघाले. मी भोळसट नाही. गिअरबॉक्स खाली असताना क्लच बदलून घेणे हा सल्ला एरवी रास्तच असतो, कारण मजुरी दोनदा पडत नाही, आणि खरी गोष्ट पुढे करून खोटे काम गळ्यात मारले म्हणूनच मी फसलो.

मला कळायला हवे होते तो क्षण मात्र मी स्वतःला माफ करू शकत नाही. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने ‘‘ही बघा तुमची जुनी प्लेट’’ म्हणून एक झिजलेली क्लच प्लेट माझ्या हातात दिली. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला कोरडी, करडी भुकटी लागली. मी ती रुमालाला पुसली आणि रुमालावर तेलाचा ठिपकाही उमटला नाही. मागच्या क्रँक सीलमधून रोज ऑइल गळत असेल तर ते त्याच पोकळीत उतरते जिथे क्लच असतो; त्या जागी तेलकट चिकटा असायला हवा होता. इतकी कोरडी प्लेट माझ्या हातात होती, ती मी पाहिली आणि मान हलवून परत दिली. घरी येताना क्लचचे पेडल पूर्वी जिथे पकडायचे तिथेच पकडत होते, नव्या क्लचचा काही फरक नव्हता, तेही जाणवले. पण पैसे देऊन झाल्यावर माणूस शंका घेत नाही, समाधान शोधतो.

बिलाचे सांगायला तर आणखी जड जाते. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के कर वेगळा, असे तो म्हणाला आणि ५,७१५ रुपये वाचवण्यासाठी मी पॅडच्या कागदावर ‘सील, क्लच, मजुरी’ एवढेच लिहून घेतले. त्यावर ना शिक्का ना सही. बाकीच्या रकमेपैकी १४,००० रुपये मोबाइलवरून भलत्याच नावाच्या खात्यात गेले आणि ११,७५० रोख. आज माझ्याकडे पुरावा आहे तो १४,००० रुपयांचाच. पक्के बिल सोडू नका. करापायी वाचलेला पैसा पुरावाच घेऊन जातो.

अकरा दिवसांत, ३४० किलोमीटरनंतर, डाग पुन्हा त्याच जागी पडला. मी गेलो तर उत्तर मिळाले की जुनी गाडी आहे, एकीकडे बंद केले की दुसरीकडून येणारच, आता पिस्टनच्या रिंगा पाहाव्या लागतील, २८,००० धरा. तेव्हा कुठे मी गाडी दुसरीकडे नेली.

या दुसऱ्या मेकॅनिकने आधी बॉनेट उघडले. त्याने एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, इंजिन थंड असतानाच तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने (डिग्रीसरने) धुऊन कोरडे केले, संशयाच्या जागांवर पांढरी पावडर मारली आणि गाडी वीस मिनिटे सुरू ठेवली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ पावडरीवर उतरताना मी डोळ्यांनी पाहिली. ऑइल तिथून निथळत खाली येते, गिअरबॉक्सच्या जोडावर साचते आणि तिथून ठिबकते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला मागचा सील गेल्यासारखेच दिसते. गळतीचा उगम ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या टोकाला शोधायचा असतो, थेंब पडतो त्या जागी नाही. कव्हर उघडले तेव्हा पॅकिंगचे रबर इतके कडक झाले होते की वाकवताच काडीसारखे मोडले. पॅकिंग ६५० रुपये, मजुरी ५०० रुपये. इंजिनातली वाफ बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्हही त्याने तपासला, कारण तो तुंबला तर आतला दाब वाढून नवे पॅकिंगही गळू लागते.

मग त्याने मला गाडीखाली बोलावले. गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर कित्येक वर्षांची माती आणि ऑइल वाळून दगडासारखे बसले होते आणि एकाही बोल्टवर पान्याची खूण नव्हती. गिअरबॉक्स कधी उतरवलाच नव्हता. मी त्या बोल्टांचे फोटो काढले. तुम्ही असे फोटो काम देण्याआधी काढा.

ते फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचे सही-शिक्क्याचे पत्र घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी ‘‘हा दिवाणी वाद आहे’’ म्हणून बोळवण झाली. तिसऱ्या खेपेस दीड तास बसवून अर्ज घेतला आणि पोचेसाठी पुन्हा भांडावे लागले. न केलेल्या कामाचे पैसे खोटे बोलून घेणे ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ याच गुन्ह्यासाठी आहे. ठाण्यात नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवता येते, हे मला तिथे कोणी सांगितले नाही. ते मी स्वतः शोधून काढले. अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राला सात आठवडे झाले, उत्तर नाही. दूरध्वनीवर नोंदवलेली ग्राहक तक्रार ‘समोरच्याचा प्रतिसाद नाही’ एवढ्या शेऱ्यावर बंद करण्यात आली. जो प्रतिसाद देत नाही त्याच्याविरुद्धच तर तक्रार होती! परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर गॅरेजचा विषय आमच्याकडे येत नाही असे सांगून मला दुसऱ्या खिडकीवर पाठवले आणि दुसऱ्या खिडकीने पुन्हा पहिल्या खिडकीवर.

शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेचे बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे अर्जात जरूर लिहा. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकालाचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. माझ्या तीन तारखा झाल्या आणि तिन्ही वेळा पुढची तारीख मिळाली.

बदललेला प्रत्येक जुना भाग गाडीसोबत घरी आणा. ती कोरडी प्लेट मी तिथेच ठेवून आलो, नाहीतर आज ती माझ्याकडे असती. पॅकिंगचे तुकडे मात्र तारीख लिहून पिशवीत जपून ठेवले आहेत. चार महिन्यांत फरशीवर एक थेंब पडलेला नाही, रोजच्या त्या फरशीचे फोटोही त्याच पिशवीत आहेत, आणि पुढच्या तारखेला मी हे सगळे आयोगापुढे ठेवणार आहे.