हातचक्कीला मोटर बसवली: पावसाळाभर वापरून आलेला अनुभव

नाचणीचे सत्त्व, थालीपिठाची भाजणी आणि लापशीची भरड आम्ही घरीच दळतो. त्यासाठी टेबलाला आवळून बसवायची बिडाची हातचक्की आहे. सासूबाईंचे खांदे दुखू लागले, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपमधून तिला मोटर जोडून घेतली.

या कामात खरा प्रश्न शक्तीचा नसून वेगाचा आहे. अर्ध्या अश्वशक्तीची, चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची), घरच्या विजेवर चालणारी सिंगल फेज मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते आणि हाताने चक्की साठेक फेरे फिरते. नुसत्या पुलींनी हा वेग उतरवायचा तर दोन इंची पुलीसमोर चार फुटांची पुली लागेल. म्हणून आम्ही १:२० प्रमाणाचा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवून वेग कमी करणारी पेटी) बसवला आणि चक्कीच्या दांड्यावर सुमारे ७२ फेरे मिळाले. वर्म गिअरमध्ये बरीचशी शक्ती घर्षणात जाते, तरीही मोड आणून, वाळवून भाजलेली नाचणी अडखळत नाही आणि पीठही फारसे तापत नाही. ड्रिल मशीन जोडण्याचा स्वस्त मार्ग मी कोणालाच सुचवणार नाही, कारण इतका वेळ सलग भार ओढण्यासाठी घरगुती ड्रिल बनवलेले नसते.

हाताने दळताना खडा आला की मुठीला लगेच कळते. गिअरबॉक्सला ते कळत नाही, तो पूर्ण जोर लावत राहतो आणि धान्य भरडणाऱ्या तबकडीचे दात किंवा दांडा मोडू शकतो. त्यामुळे मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये व्ही-पट्टा (पुलीच्या खाचेत बसणारा रबरी पट्टा) मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे चक्की अडकली तर पट्टा घसरतो. तो बेताचाच ताणलेला असावा आणि त्यावर जाळीचे झाकण असावे. वाशीच्या धान्य बाजारातून आणलेले धान्यही आम्ही निवडून, चाळून आणि त्यातून लोहचुंबक फिरवूनच चक्कीत घालतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नये. बंद करण्याचे बटण दळणाऱ्याच्या हाताशी हवे.

भरड उत्तम पडते. पोळीच्या गव्हाला मात्र दोन-तीनदा दळावे लागते, तेव्हा त्यासाठी गिरणीच बरी. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे घातल्यापासून खालच्या मजल्यावर हादरे जाणवत नाहीत.

पावसाळ्यात सादळलेले दाणे तबकड्यांना चिकटतात, म्हणून दळण्याआधी धान्य कढईत कोरडे परतून पूर्ण गार करावे. बिडाला पाणी लावू नये. ब्रशने पीठ झाडावे, मूठभर कोरडे तांदूळ दळून टाकून द्यावेत आणि तबकड्या सुट्या करून कोरड्या जागी ठेवाव्यात.