खुब्याच्या ऑपरेशननंतर: ब्युरोच्या मावशी की शुश्रूषा केंद्र?

आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला तेव्हा रुग्णालयातून तिला थेट सदाशिव पेठेतल्या घरी आणून आम्ही रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी डाव्या खुब्याच्या वेळी मात्र टाके निघेपर्यंतचे बारा दिवस तिने कोथरूडच्या एका शुश्रूषा केंद्रात काढले.

घरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घरचा वरणभात, शेजारणींची ये-जा आणि स्वतःच्या खोलीतली झोप यांनी आईला उभारी आली, हे मी नाकारणार नाही. खर्चात मात्र वाटला होता तेवढा फरक पडला नाही, कारण घरी उंच पलंग, कमोडची उंच बैठक आणि फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या वेगळ्या धराव्या लागतात.

मला खुपली ती बदली. नेमलेल्या मावशी चौथ्या दिवशी गावी गेल्या आणि पुढच्या नऊ दिवसांत तीन नवे चेहरे आले. आईचा सांधा मागच्या बाजूने छेद घेऊन बदललेला असल्यामुळे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, हे पथ्य कसोशीने पाळायचे होते. पहिल्या काही आठवड्यांतच सांधा निखळण्याचा धोका जास्त असतो, आणि प्रत्येक नव्या बाईंना हे सारे पहिल्यापासून सांगावे लागे. एका रात्री बदलीच्या मावशींनी, पाय एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून गुडघ्यांमध्ये ठेवलेली उशी चुकून तिथे राहिली असावी असे समजून ती काढली आणि प्रेमाने आईच्या डोक्याखाली सरकवली. पहाटे मी पाहिले तेव्हा आईचा पाय दुसऱ्या पायावर ओलांडून गेलेला होता. सांधा सुदैवाने जागेवर होता, पण त्यानंतर मला रात्री झोप लागली नाही.

केंद्रातही सिस्टर बदलत, परंतु पाळी संपताना एक सिस्टर दुसरीला खाटेपाशी उभी राहून उशी, ड्रेसिंग, पोटरीची सूज आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची वेळ सांगत असे. जेवण सपक होते आणि भेटीच्या वेळा ठरलेल्या होत्या, तरी आईने त्याची फारशी तक्रार केली नाही.

एकच मावशी शेवटपर्यंत लाभलेली घरेही माझ्या माहितीत आहेत. त्यांचे मत वेगळे असू शकेल. मी मात्र पुन्हा टाके निघेपर्यंत केंद्र आणि मगच घर, असेच करीन. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे केंद्राच्या जिन्यावर रोज घोटून घेतल्यामुळे आई दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या पायांनी चढून आली.