नऊ महिने, ११,४०० किलोमीटर आणि मागच्या सीटवरची आई

२०२५च्या गुढीपाडव्याला गाडी घरी आली तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण आधी मधल्या मोठ्या स्क्रीनला हात लावायचा. शोरूममध्येही अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्या स्क्रीनवरच गेली होती. आज कुणी विचारलं की नव्या गाडीत काय आवडलं, तर आमच्या घरात पहिलं उत्तर आईचं असतं, "मागं गार वारा येतो."

गाडी चार मीटरच्या आतली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, एएमटी म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते सोयींबद्दल, आणि त्या आता या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत थोड्याफार फरकाने मिळतात. आम्ही कराडला राहतो, गाव चिपळूणजवळ. महिन्यातून एकदा तरी पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट अशी फेरी असते. आईला चौऱ्याहत्तरावं चालू आहे, दोन्ही गुडघे दुखतात, आणि ती कायम मागे डावीकडे बसते.

तर मागचा एसी. जुन्या गाडीत पुढे आम्ही गारठायचो आणि मागे आईचा पदर घामाने ओला. आता दोन सीटच्या मधून मागे दोन झरोके आहेत. त्यांना वेगळा पंखा नाही, पुढच्याच एसीची हवा खालच्या नळीतून मागे येते. त्यामुळे तिघे मागे बसले तर मधल्याच्या पायांना झरोक्यांची ती चौकट अडते. पण आमच्याकडे मागे बहुतेक वेळा दोघंच, आणि एप्रिलच्या उन्हात कराडहून निघालेली आई चिपळूणला उतरल्यावर पूर्वीसारखी तासभर आडवी होत नाही. एक सवय मात्र लावून घेतली. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावत नाही. मिनिटभर चारी काचा खाली करून आतली गरम हवा बाहेर काढतो, मग काचा लावून २४ वर ठेवतो. काचा बंद ठेवून लगेच एसी लावण्यापेक्षा याने गाडी लवकर गार होते.

एएमटीबद्दल जरा सविस्तर, कारण घेण्याआधी मला सगळ्यांनी घाबरवलं होतं. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि बसलेल्यांची मान हलते. पहिल्या महिन्यात आई म्हणायची, "असं धक्के देत का चालवतोस?" मग कळलं की गिअर बदलायच्या बेताला अॅक्सिलेटर किंचित सैल सोडायचा. आता तिची तक्रार नाही. घाट उतरताना मी एम म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवतो. इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. चढावर ट्रकमागे थांबलं की हिल होल्ड ब्रेकवरून पाय काढल्यावरही दोन-तीन सेकंद गाडी मागे घसरू देत नाही. तेवढ्यात अॅक्सिलेटर दिला की झालं. चढावर नुसत्या अॅक्सिलेटरवर गाडी तोलून धरणारे मी बघतो, त्याने क्लच जळतो. लांबच्या चढावर थांबायचं असेल तर सरळ हँडब्रेक ओढावा.

कोयनेचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना मागच्या वायपरचं महत्त्व सांगायला नको. हॅचबॅकची पाठ सरळ कापलेली असते, चालत्या गाडीमागे हवा गोल फिरते आणि चाकांचा सगळा चिखल मागच्या काचेवर आणून चिकटवते. जुलैत हेळवाकच्या पुढे धुकं आणि पाऊस दोन्ही होते, तेव्हा मागचा वायपर आणि काच तापवणारा डिफॉगर नसता तर मागून येणारी एसटी दिसलीच नसती. स्वस्त मॉडेलांत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. सनरूफ सोडा, पण या सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. रिव्हर्स कॅमेरा मात्र पावसात निम्म्या वेळा आंधळा. भिंगावर चिखल बसतो, उतरून बोटाने पुसावं लागतं. पार्किंगचे सेन्सर तेवढे वाजत राहतात.

टायरमधली हवा स्क्रीनवर आकड्यांत दिसते. या सोयीने तिचे पैसे एका दिवसात वसूल केले. ऑगस्टमध्ये साताऱ्याहून परत येताना उंब्रजच्या अलीकडे मागचं डावं चाक ३३ पॉइंटवरून (पीएसआय) २८ वर आलं, बघता बघता २६. गाडी जराही ओढत नव्हती, मला स्वतःहून कळलंच नसतं. पंक्चरवाल्याने दीड इंचाचा खिळा काढला. तिथे एक लक्षात ठेवा. काही गाड्यांत, आमच्यासारख्या, हवा मोजणारा सेन्सर चाकाच्या आत व्हॉल्व्हपाशी असतो. टायर रिममधून काढायचा असेल तर कामाला हात घालण्याआधीच पंक्चरवाल्याला सांगायचं, नाहीतर पहारीने सेन्सर तुटतो. आणि डिसेंबरच्या सकाळी चारी टायर दोन-दोन पॉइंट कमी दिसले तर घाबरू नका, थंडीने हवा आकसते.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. नकाशा मोठा दिसतो, फोन वायरशिवाय जोडला जातो, छान. पण घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून ठेवावा लागतो. वायरलेस चार्जरवर फोन इतका तापतो की उन्हाळ्यात चार्जिंगच बंद पडतं. मी परत केबलवर आलोय. दोनदा स्क्रीन चालता चालता काळी पडली. सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा "असं होत नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा मी मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट केलं. त्यानंतर त्रास नाही, पण ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवायला व्हिडिओ का लागावा, याचं मला खरंच वाईट वाटलं. एसीची गोल बटणं कंपनीने स्क्रीनमध्ये कोंबली नाहीत, याबद्दल मात्र आभार. रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडतात.

ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल नऊ महिन्यांत चार वेळा वापरला असेन. कराडच्या आसपास महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, त्यात कुठला क्रूझ लावता! सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय मी दर वेळी बटण दाबून बंद करतो, कारण त्यासोबत एसीचा गारवा जातो. आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर टिकटिक वाजते ती १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीची आहे, बिघाड नाही. सीटबेल्टचा आवाजही तसाच. मे महिन्यात गावाहून येताना शेजारच्या सीटवर फणस ठेवला होता, तर गाडी थांबेपर्यंत वाजत राहिली. शेवटी फणसाला बेल्ट लावला.

अॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलंय. शहरात लिटरला १५ किलोमीटर, लांबच्या प्रवासात २० च्या आसपास. मीटर एखाद किलोमीटर जास्तच दाखवतो. पाच जण आणि भरलेली डिकी असली की उंच गतिरोधकाला पोट घासतं.

शोरूममध्ये मी एक गोष्ट तपासली नव्हती, ती नशिबाने बरी निघाली: मागच्या सीटची उंची. सीट इतकी खोल नाही की गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागेल, आणि दारावरच्या मुठीला धरून आई आपली आपण उतरते. पुढच्या आठवड्यात बहीण अशीच गाडी बघायला साताऱ्याला जाणार आहे. तिला सांगितलंय, आईला बरोबर ने आणि स्क्रीन सुरू करायच्या आधी तिला मागे चार वेळा बसव, उतरव.