पद्मिनीचा गळका कार्बोरेटर: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) पूर्ण खोलून नव्याने बांधला. मधे नागपूरचा उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला, परवा मारबतीची मिरवणूक निघाली. एवढे दिवस गाडी रोजच्या वापरात ठेवल्यावर आता खात्रीने सांगतो की गळती थांबली आहे. जुना कार्बोरेटर फेकून बाजारातला नवा कॉपी पीस बसवायचा सल्ला ज्यांना मिळतोय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं. गाडी रात्रभर उभी राहिली की बॉनेट उघडल्याबरोबर पेट्रोलचा भपका. कार्बोरेटरच्या झाकणाच्या सांध्यावर ओल, खाली मॅनिफोल्डवर तांबूस डाग. अ‍ॅव्हरेज आठ-नऊवर आलेलं. गरम इंजिनावर पेट्रोल टपकणं म्हणजे सरळ आगीशी खेळ, त्यामुळे "चालतंय तोवर चालवू" हा विचार या बाबतीत करूच नका.

बहुतेक ठिकाणी इलाज एकच होतो: झाकणाचे स्क्रू अजून कसायचे, नाहीतर पॅकिंगला शेलॅक लावायचं. मोमिनपुऱ्यातले एक वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी कार्बोरेटर हातात घेऊन पहिलंच वाक्य बोलले, "भाऊ, कसून लीक बंद नाही होत. कसून झाकण वाकडं होते." आणि खरंच, काचेच्या तुकड्यावर झाकण उपडं ठेवलं तर स्क्रूच्या भोकांजवळचे कान खाली ओढले गेले होते आणि मधे उजेड दिसत होता. वर्षानुवर्षं कसून कसून ही अवस्था झालेली.

पण वाकडं झाकण हे अर्धंच कारण. फ्लोट चेंबरमधली (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तो कप्पा) पेट्रोलची पातळी बरोबर असेल तर पेट्रोल त्या सांध्यापर्यंत पोचतच नाही. खड्ड्यात हिंदकळलं तर थोडं उडेल, तेवढंच. सांधा सतत ओला असेल तर पातळी चढलेली आहे असं समजायचं, आणि पातळी चढण्याची कारणं मोजकी: नीडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) पूर्ण बसत नाही, फ्लोटमध्ये (पेट्रोलवर तरंगून ती सुई बंद करणारा पोकळ डबा) पेट्रोल शिरलंय, नाहीतर पंपाचं प्रेशर जास्त आहे. मूळचा मेकॅनिकल पंप दोन ते चार पीएसआयच्या आसपास काम करतो. कुणी त्याजागी जोरकस इलेक्ट्रिक पंप लावला असेल, तर कितीही चांगली नीडल तग धरणार नाही.

गळती नेमकी कुठून आहे हे शोधायची चाचांची पद्धत मला फार आवडली. बॅटरीची तार काढली, कार्बोरेटर बाहेरून पेट्रोलने धुऊन सुकवला आणि त्यावर बारीक खडूची भुकटी उडवली. मग इंजिन बंद ठेवून पंपाचा हाताचा दांडा मारला. थोड्याच वेळात पांढऱ्या भुकटीवर दोन गडद रेघा उमटल्या. एक झाकणाच्या सांध्यातून, दुसरी खाली मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बाहेरच्या प्लगपासून. वरून कार्बोरेटरच्या घशात, म्हणजे हवा आत जाते त्या नळीत, टॉर्च मारला तर पेट्रोल सोडणाऱ्या नोझलमधूनही थेंब पडत होते, म्हणजे पातळी चढलेली होती हे नक्की झालं.

फ्लोटची तपासणी तर प्रत्येकाने करून बघावी. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला की आतलं पेट्रोल डुचमळताना ऐकू येतं. आमच्या फ्लोटमध्ये आवाज नव्हता, तरी चाचांनी तो गरम पाण्यात बुडवून धरला (पाणी आधीच तापवून आणलेलं, जवळ शेगडी वगैरे काही नाही). शिवणीपासून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. अशा फ्लोटला डाग (सोल्डर) देता येतो, पण आतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत उडून गेल्याशिवाय त्याजवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न नेणं जिवावर बेतू शकतं. शिवाय डागाच्या शिशाने वजन वाढलं की फ्लोट थोडा खाली तरंगतो आणि पातळी पुन्हा चढते. म्हणून आम्ही दुसरा चांगला फ्लोट मिळवला. तो शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या, आणि तिकडून येणाऱ्या सुट्या मालाचा झरा आटत चाललाय. कुणाकडे जुना कार्बोरेटर भंगारात पडलेला दिसला तर घेऊन ठेवा.

झाकण सपाट करायला जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, तेलाचा हात देत, आठच्या आकड्यात फिरवत घासलं. आधी पृष्ठभागावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारायच्या. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की झालं. घाई केली तर एकच बाजू जास्त खाल्ली जाते.

नीडल व्हॉल्व्ह झाकणात बसतो आणि त्याच्याखालच्या वायसरच्या (चकतीच्या) जाडीवर पातळी ठरते. वायसर जाड तर व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर बंद करतो, पातळी उतरते. दुरुस्तीसाठी आणलेल्या किटमधला वायसर मूळच्यापेक्षा पातळ निघाला, तो तसाच बसवला असता तर सगळी मेहनत वाया जाती. जुना वायसर मोजल्याशिवाय टाकून देऊ नका.

नीडल आम्ही व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाची घेतली, जोडीला पेट्रोलची पाइपही त्याच प्रकारच्या रबराची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर, कॉर्कचं पॅकिंग त्यात फुगतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. इथेनॉल पाणीही ओढतं. चेंबरच्या तळाशी जी पांढरी पूड साचलेली सापडली, ती त्याचीच. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडू नये, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडू नये म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, त्यामुळे निवड अंदाजाने करावी लागत नाही.

आता वापराचं. थंडीत काहीच तक्रार नव्हती, अ‍ॅव्हरेज अकराच्या पुढे गेलं. खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 45 च्या वर असताना वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून येऊन गाडी बंद केली की दहा मिनिटांनी स्टार्ट व्हायला कुरकुर करायची. ही गळती नव्हे. इंजिनाच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि नोझलमधून घशात उतरतं. बाहेर खडूची भुकटी उडवली तर ती कोरडीच राहायची, म्हणून फरक कळला. कार्बोरेटरखालचा जाड बेकेलाइटचा ठोकळा आमच्या गाडीत कुणीतरी काढून नुसतं पॅकिंग लावलेलं होतं. ठोकळा परत बसवल्यावर त्रास पुष्कळ कमी झाला. तरी कधी अडलीच तर अ‍ॅक्सिलरेटर न पंपता पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा.

रामटेकच्या गडाची चढण मुद्दाम चढून पाहिली, कारण चढावर चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला सरकतं. वर पोचून लगेच बॉनेट उघडलं, सांधा कोरडा ठणठणीत.

किटबद्दल नाराजी एकाच गोष्टीची: अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (पिकअप घेताना जादा पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा) पावसाळा लागेपर्यंत कडक झाला, कडेने ओल दिसू लागली आणि पिकअप घेताना गाडी अडखळायला लागली. डायफ्राम कापडाच्या अस्तराचा, चांगल्या रबराचा मागून घ्या आणि तो वेगळा विकत घ्यावा लागला तरी घ्या. प्लगचे फायबर वायसर मात्र अजून उत्तम आहेत. प्रत्येक वेळी प्लग खोलला की नवा वायसर टाकतो, ते काही रुपयांत मिळतात.

गाडी आठवडाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मी टाकीकडून पंपाला येणारी पेट्रोलची पाइप काढून, तिचं तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे चेंबर रिकामा होतो. थ्रॉटलच्या दांड्याला थोडा खेळ आहे, तिथून हवा ओढते आणि स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कधीकधी वरखाली होतो. तेवढं बुश टाकायचं काम पुढच्या महिन्यात लेथवाल्याकडे नेणार आहे.