एमपीपीटी चार्ज कंट्रोलर: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कंट्रोलर किती अँपिअरचा घेऊ?" कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारं यंत्र. एमपीपीटी हा त्याचा असा प्रकार, जो पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा वापरून झाल्यावर माझं मत असं की आधी व्होल्ट बघा, अँपिअर नंतर. अँपिअर थोडे कमी पडले तर कंट्रोलर करंट अडवतो आणि दुपारची थोडी वीज वाया जाते, एवढंच. पॅनेलचे व्होल्ट मर्यादेबाहेर गेले तर मात्र कंट्रोलरच जळतो.

माझी सिस्टीम अशी: ३३० वॉटची, ७२ सेलची दोन पॅनेल. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), १२ व्होल्टच्या दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारच्या) बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून व्होल्टची बेरीज करत, २४ व्होल्टची बँक. त्यावर १५० व्होल्ट, ३५ अँपिअरचा एमपीपीटी.

अँपिअरचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. दोन पॅनेलचे मिळून ६६० वॉट, भागिले बँकेचे २४ व्होल्ट, साडेसत्तावीस. बॅटरी उतरलेली असली की करंट याच्या थोडा वर जातो, म्हणून ३० वर न थांबता ३५ घेतला. पावसाची सर थांबून एकदम लख्ख ऊन पडतं तेव्हा पॅनेल थंड असतं आणि ढगाच्या कडेवरून येणारा उजेडही त्यात मिळतो. त्या दोन-चार मिनिटांत डिस्प्लेवरचा आकडा एरवी कधी दिसत नाही इतका चढतो. बॅटरीची बाजूही बघावी लागते. १५० एएचच्या ट्युब्युलरला १५ अँपिअर आरामाचे, ३० पर्यंत चालतात. त्यामुळे एवढ्या बँकेला ६० अँपिअरचा कंट्रोलर घेऊन काहीच साधत नाही.

व्होल्टचा हिशेब मात्र नीट करा. माझ्या पॅनेलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनेलमधून करंट घेतला जात नसतानाचं) ४६ आहे. दोन सिरीजमध्ये म्हणजे ९२. वाटतं, १०० व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये आरामात बसेल. पण लेबलवरचा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेला असतो. तापमान एक अंश उतरलं की व्होल्टेज साधारण ०.३ टक्के वाढतं. ५ अंशांना ९२ चे साडेसत्त्याण्णव होतात, शून्याला जवळजवळ ९९. थंडीत सकाळी बॅटरी आधीच भरलेली असताना मी पॅनेलचं व्होल्टेज ९४-९५ वर गेलेलं पाहिलं आहे, तेही कडाक्याची थंडी नसताना. १५० चा घेतल्याचं समाधान तेव्हा वाटलं.

पॅरलल (व्होल्ट तेवढेच, करंटची बेरीज) का नाही केलं? या पॅनेलचं कामाचं व्होल्टेज साडेसदतीस आहे. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की ते एकतीसच्या आसपास येतं. बॅटरी पूर्ण भरायला हवेत २८.८. एमपीपीटीला हातात काही व्होल्ट जास्तीचे लागतात, ते इथे फारसे उरत नाहीत. शिवाय पॅरललमध्ये करंट दुप्पट होतो आणि त्याच वायरमधलं नुकसान चौपट. एका पॅनेलवर बराच वेळ सावली पडत असेल तर पॅरललचा विचार जरूर करा, पण वायर जाड टाका.

पीडब्ल्यूएमला, म्हणजे पॅनेल जवळपास थेट बॅटरीला जोडणाऱ्या साध्या कंट्रोलरला, लोक उगाच नावं ठेवतात. ३६ सेलचं पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी ही त्याची जोडी चांगली जमते. माझ्या बँकेवरही ही पॅनेल पॅरललमध्ये लावून तो चालला असता. हिशेबाने एमपीपीटीचा फायदा थंडीत वीस-पंचवीस टक्के निघतो, तापलेल्या उन्हाळ्यात जेमतेम दहा. पण हेच ७२ सेलचं पॅनेल पीडब्ल्यूएमवर १२ व्होल्टच्या बॅटरीला लावलं तर ९ अँपिअर गुणिले १३, म्हणजे सव्वाशे वॉटसुद्धा हाती येत नाहीत. ३३० वॉटचे पैसे मोजून हे करू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. उन्हाळ्यात बॅटऱ्या रोज 'फुल' दिसायच्या, पण हायड्रोमीटरने ॲसिडची घनता पाहिली तर ती १.२२ च्या पुढे सरकेना. भरलेल्या ट्युब्युलरला ती १.२४ च्या आसपास हवी. कारण होतं तापमानाचा सेन्सर. तो कंट्रोलरच्या पोटात असतो. कंट्रोलर स्वतःच्या उष्णतेने तापलेला, बॅटऱ्या खाली गार फरशीवर. लेड-ॲसिडला तापमान वाढलं की चार्जिंग व्होल्टेज कमी करावं लागतं, सेलमागे अंशाला साधारण ४ मिलिव्होल्ट. दोन बॅटऱ्यांचे मिळून १२ सेल आणि १० अंशांचा फरक धरला तर जवळपास अर्धा व्होल्ट. म्हणजे कंट्रोलर आपल्याच अंगातला ताप मोजून बॅटरीला रोज थोडं उपाशी ठेवत होता. बाहेरचा प्रोब (वायरला जोडलेला तापमानाचा सेन्सर) बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावला आणि घनता हळूहळू जागेवर आली. प्रोब जोडण्याची सोय नसलेला कंट्रोलर लेड-ॲसिडसाठी मी कोणालाच सुचवणार नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर उलट: तापमानाची ही भरपाई आणि इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टवर केलेलं चार्जिंग) दोन्ही बंद ठेवा, आणि शून्याखाली चार्जिंग थांबतंय ना ते तपासा.

तक्रारी दोन आहेत. टर्मिनल इतकी अरुंद की जाड वायर बसवताना जीव मेटाकुटीला येतो. आणि 'लोड'चं (उपकरणं जोडायचं) टर्मिनल फार करंट देत नाही, इन्व्हर्टर थेट बॅटरीलाच जोडावा लागतो, मध्ये फ्यूज घालून. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

तिसरं पॅनेल वाढवण्याचं मनात आहे. ९९० वॉट म्हणजे ४१ अँपिअर, कंट्रोलर ३५ वर अडवेल, त्याचं दुःख नाही. पण तिन्ही सिरीजमध्ये १३८ व्होल्ट होतात आणि ५ अंशांना १४६. एवढ्या कमी फरकावर मी ते जोडणार नाही. आधी जास्त व्होल्टचा कंट्रोलर, मग तिसरं पॅनेल.