पुढची जीटी-आर: हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक?

२००७ साली आलेली निसानची स्पोर्ट्स कार जीटी-आर (या पिढीचं नाव आर३५) ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. आता पुढच्या पिढीत बॉनेटखाली काय असेल, यावर चाहत्यांची डोकेफोड चालू आहे.

इलेक्ट्रिकची चुणूक निसानने २०२३ मध्येच दाखवली. टोकियोतल्या प्रदर्शनातली 'हायपर फोर्स' ही संकल्पना-गाडी: सॉलिड-स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) बॅटरी आणि १,००० किलोवॅट ताकद. कागदावर भन्नाटच! अडचण वजनाची. रिमॅक नेव्हेरासारखी महागडी इलेक्ट्रिक गाडीसुद्धा २,३०० किलोच्या आसपास जाते. आर३५ साधारण १,७५०. पॅडल दाबलं की दोन्ही सुसाट सुटतात, पण ट्रॅकवर लागोपाठ वळणं आली की ब्रेक आणि टायरना हे जादा किलो जाणवतातच. सॉलिड-स्टेट बॅटरीने वजन घटेल म्हणतात. घटेल तेव्हा बघू.

हायब्रिडचं, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, उदाहरण पोर्शेचं. २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टवरच छोटी मोटर बसवली आहे. एक्झॉस्टच्या गॅसची वाट न पाहता ती टर्बो फिरवते, त्यामुळे पाय दाबला आणि जोर यायला वेळ लागला, असं होत नाही. वजन वाढलं ते जेमतेम ५० किलो.

माझं मत हायब्रिडलाच. आर३५ चं ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन योकोहामात एकच कारागीर हाताने जुळवायचा आणि त्याच्या नावाची पाटी इंजिनावर लागायची. मोटरवर तशी पाटी लावता येईल, नाही असं नाही; पण ती बघायला बॉनेट कोण उघडणार?