लांबच्या सायकलिंगला ताठ बसायचं हँडल: फ्लॅट, बटरफ्लाय की मागे वळलेलं?

ऑफिसातल्या एका मित्राने मागच्या वर्षी हायब्रिड घेतली, पानशेतला चार-पाचदा जाऊन आला आणि आता त्याला डिसेंबरात कोकण किनारा करायचाय. त्याचा प्रश्न असा की तासाभरानंतर करंगळीला मुंग्या येतात, तर हँडल बदलू का, आणि बदलायचं तर कुठलं घेऊ. फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला तरी निम्मं राहिलंच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. मी एकाच सायकलवर चार वर्षांत तीन हँडलं लावली आहेत, त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या हातांचं आणि माझ्या पाठीचं आहे, तुमचं थोडं वेगळं असू शकतं.

ड्रॉप हँडल, म्हणजे रेसिंग सायकलचं टोकं खाली वळलेलं, यात धरलेलं नाही. ज्यांना ग्रुपमध्ये पंचविसाच्या वर स्पीडने तासन्‌तास जायचंय त्यांनी खुशाल ड्रॉपच घ्यावं, त्याला तोड नाही. पण फ्लॅटवाल्या सायकलला ड्रॉप लावायचं म्हणजे नुसतं हँडल बदलून भागत नाही, फ्लॅटच्या नळीची ग्रिपपाशी जाडी २२.२ मिमी आणि ड्रॉपची २३.८, म्हणजे ब्रेक लिव्हर आणि गिअर बदलायचे शिफ्टर सगळंच नवीन, आणि मग तेवढ्या पैशात दुसरी सायकल का नको असं वाटायला लागतं. इथे आपला विषय एवढाच की पाठ बऱ्यापैकी ताठ, मान मोकळी, आणि दिवसाला ८०-१०० किमी असं आठवडाभर जायचंय.

आधी फ्लॅट, म्हणजे सरळ आडव्या नळीचं, जे कंपनीकडूनच येतं. दोन्ही मुठीत एकेक पेन्सिल धरा, डोळे मिटून हात सैल पुढे करा आणि मग बघा. पेन्सिली एका रेषेत आडव्या येतच नाहीत, करंगळीकडची टोकं मागे झुकलेली दिसतात. हाताची मूळची ठेवण तीच आहे. फ्लॅट हँडल त्या मुठीला जबरदस्तीने आडवं करतं, मनगट बाहेरच्या बाजूला मुडपतं आणि सगळा भार करंगळीच्या खालच्या उंचवट्यावर येतो. तिथूनच अल्नर नावाची नस जाते, ती दबली की करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. ग्लोव्ह्ज जाड घेऊन थोडं लांबतं, पण जात नाही.

तरीही माझं म्हणणं, पहिला खर्च इथेच करा. चपट्या, तळहाताला आधार देणाऱ्या ग्रिप्स आणि त्यांना जोडलेले छोटे बार-एंड, म्हणजे टोकांना पुढे येणारी धरायची शिंगं. केबलला हात लावायला लागत नाही, घरी एका ॲलन कीने काम होतं. मला यात ६०-७० किमीपर्यंत छान चाललं, आणि ज्यांची धाव रविवारच्या खडकवासला-पानशेतपुरती आहे त्यांनी बहुतेक इथेच थांबावं. मला थांबता आलं नाही कारण सलग दुसऱ्या दिवशी हात सकाळपासूनच आखडलेले असायचे.

मग बटरफ्लाय आणलं. आठच्या आकड्यासारखं, रायडरच्या बाजूला उघडं, त्या दोन मोकळ्या टोकांवर ब्रेक आणि शिफ्टर. फ्लॅटचेच लिव्हर बसतात ही मोठी सोय. नळीवर गुंडाळायच्या टेपची मात्र एक जोडी पुरत नाही हे आधीच लक्षात ठेवा, मी अर्ध्यात अडकलो होतो. आणि खरं सांगतो, पहिल्या महिन्यात मी या हँडलच्या प्रेमात होतो. पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत पालखीच्या वाटेने पंढरपूर गाठलं, २०० च्या वर किमी, दोन दिवसांत, आणि हात एकदाही कुरकुरले नाहीत. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, कधी बाजूच्या वळणावर तळवे आमनेसामने, कधी पुढच्या नळीवर लांब, समोरून वारा आला की कोपरं आत घेऊन थोडं वाकायचं. नातेपुतेच्या पुढे सपाट रस्त्यावर तर असं वाटलं की आता आयुष्यात दुसरं हँडल बघायला नको.

तेच हँडल घेऊन कोकणात उतरलो.

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरलो, तिथून केळशीकडे आणि पुढे आंजर्ल्याच्या रस्त्याला. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, हा रस्ता सपाट म्हणून नाहीच, खाडीला उतरायचं आणि लगेच समोरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, छोटे पण छातीवर येणारे चढ आणि तसेच उतार. अशाच एका उतारावर दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, वर आंब्याची सावली, स्पीड तीसच्या आसपास आणि माझे हात आरामात पुढच्या नळीवर. वळण संपलं आणि वाडी सुरू झाली, सावलीत रंग न दिलेला स्पीडब्रेकर आणि त्याच्या पलीकडे रस्त्याच्या मधोमध एक वासरू. आता ब्रेक दाबायचा म्हणजे काय करायचं, तर हात पुढच्या नळीवरून सोडायचे, बाजूच्या वळणाला वळसा घालून मागच्या टोकांवर आणायचे, पकड घ्यायची आणि मग बोटं लिव्हरवर. लिहायला एवढं लागतं, प्रत्यक्षात फार तर एक सेकंद. पण तीसच्या स्पीडला एका सेकंदात आठ मीटर जातात, आणि त्या सेकंदात हँडल धड हातात नसतं. मी अर्धवट पकडीत स्पीडब्रेकरवर गेलो, कॅरिअरला लटकवलेली डावी पॅनिअर बॅग हुकातून सुटून रस्त्यावर पडली, बाटली गडग्यापर्यंत उडाली. वासरू शांतपणे बाजूला झालं. मला काही लागलं नाही, पण पुढची दहा मिनिटं मी गडग्यावर बसून होतो, पाय थरथरत होते.

त्यानंतर मी काय केलं ते महत्त्वाचं आहे. पुढचे तीन दिवस, दाभोळ, गुहागर, तवसाळहून जयगड, मी हात मागच्या टोकांवरून हलवलेच नाहीत. उतारावर तर नाहीच, पण सपाटीलाही नाही, कारण आपल्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी काहीतरी असतंच, कुत्रं, वळणावरून येणारी एसटी, साइडपट्टीवर सांडलेली खडी. आणि बटरफ्लायची ही मागची टोकं म्हणजे काय, तर फ्लॅट हँडलच, उलट त्याहून अरुंद. पाच-सहा ठिकाणी हात ठेवायची सोय असलेल्या हँडलवर मी तीन दिवस एकाच, सगळ्यात वाईट जागी हात ठेवून चालवत होतो. गणपतीपुळ्याला पोचलो त्या संध्याकाळी शर्टाची बटणं लावताना उजव्या हाताची करंगळी कुठे आहे ते कळत नव्हतं, बायकोने व्हिडिओ कॉलवर विचारलं की हात असा का धरलायस.

माझ्यापुरता निर्णय तिथे झाला. हँडलवर आरामाच्या किती जागा आहेत हे मी मोजायचं सोडलं. ब्रेक जिथे आहे तीच जागा आरामाची आहे का, एवढंच बघायला लागलो. मोकळ्या, रुंद, सरळ रस्त्यावर हा प्रश्न येत नसेल, पण ज्याला कोकण, मावळ, वाई-महाबळेश्वर असं गावागावांतून जायचंय त्याने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा असं मला वाटतं.

मग मागे वळलेलं हँडल, ज्याला नॉर्थ रोड म्हणतात. आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचं असतं तेच घराणं. ग्रिप जवळजवळ मांड्यांना समांतर मागे येतात, पेन्सिलवाली ठेवण आपोआप मिळते, अंगठा पुढे आणि करंगळी मागे, मनगट सरळ. आणि ब्रेक तिथेच, बोटांखाली. दुसरी जागा पाहिजे तर पुढे वळणावर हात सरकवता येतात, समोरच्या वाऱ्यात मी तसंच करतो, ब्रेक तिथून चार बोटांवर आहे. जागा दोनच, पण मला तिसरीची आठवण आलेली नाही.

काळ्या सायकलचंच हँडल काढून लावू असं कुणाच्या मनात असेल तर ते होत नाही, त्याला स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, जोडूनच येतो आणि रॉड ब्रेकची सगळी व्यवस्था त्यावरच असते. सुटं हँडल घ्यावं लागतं. यातली बरीच मधे २५.४ मिमीची असतात आणि आजकालचे स्टेम ३१.८ चे, तेव्हा एकतर मधली फट भरायला पत्र्याची शिम घाला नाहीतर स्टेम बदला. मी स्टेमच बदलला, कारण दुसरी एक गोष्ट कोणी सांगत नाही, हात एवढे मागे येतात की जुन्या स्टेमवर सगळं अंगावर येतं आणि वळताना ग्रिप गुडघ्याला लागते. माझा ८० मिमी लांबीचा होता, ११० चा केला तेव्हा कुठे नीट बसता आलं. केबल आणि तिचं वरचं आवरण लांब लागतं, तो मिस्त्रीकडचा तासाभराचा खेळ. हायड्रॉलिक डिस्क असेल तर मात्र दोनदा विचार करा, पाइप लांब घालून ऑइल परत भरावं लागतं आणि खर्च वाढतो.

सीटचंही बघावं लागतं. ताठ बसलं की हातावरचा भार थेट बुडाखाली जातो, अरुंद सीट मग टोचायला लागते. मी रुंद, चामड्याची घेतली, तिला अंगवळणी पडायला महिना लागला. खड्ड्याचा दणकाही आता सरळ कण्यात जातो, त्यामुळे खड्डा दिसला की पेडलवर उभं राहायची सवय लावून घेतली, आणि टायर ३२ मिमी रुंदीवरून ४० चे केले. याचं श्रेय हँडलला द्यायचं की टायरला हे मला सांगता येणार नाही.

चढावर उभं राहून चालवणाऱ्यांना हे हँडल आवडणार नाही. ग्रिप मागे असल्याने उभं राहिलं की जोर लावायला पुढे काही सापडत नाही आणि तीव्र चढाला पुढचं चाक हलकं होतं. पसरणीच्या घाटात मी आधी मधेमधे उभा राहायचो, आता बसूनच, लहान गिअरवर, पाचगणीपर्यंत. बटरफ्लायवर पुढची नळी धरून चढणं यापेक्षा नक्कीच सोपं होतं, ते मान्य करायला हवं. आणि वारा. छाती उघडी राहते, समोरून वारा असला की माझ्या अंदाजाने ताशी दीड-दोन किमी जातात.

ते जाऊ दे म्हणतो मी, कारण बघा, २०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायच्या लांब राइडला, साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. याच हँडलवर मी २०० किमीची ब्रेव्हे साडेअकरा तासांत केली, खंबाटकी चढून, आणि शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, कार्डावर सही करताना पेन नीट हातात धरता आलं. आधीच्या वर्षी फ्लॅटवर तेच अंतर पाऊण तास लवकर संपवलं होतं आणि दोन दिवस चहाचा कप डाव्या हाताने उचलत होतो.

एक मधला मार्गही आहे, ४५ अंशात मागे येणारं आणि पुढे लूप असलेलं जोन्स पद्धतीचं हँडल. एका मित्राचं मी तीसेक किमी चालवून पाहिलंय, ब्रेक ग्रिपपाशीच आणि चढावर धरायला पुढे लूप, माझ्या दोन्ही तक्रारींना उत्तर आहे. रुंद आहे, गर्दीत सांभाळावं लागतं, आणि महाग. कोरी सायकल बांधत असतो तर कदाचित त्याचाच विचार केला असता.

मित्राला मी शेवटी इतकंच सांगितलं, आधी ग्रिप्स आणि बार-एंड लावून एकदा सलग दोन दिवस शंभर-शंभर करून ये. तरी मुंग्या आल्या तर मागे वळलेलं घे, स्टेम लांब घे, आणि ग्रिप्स पक्क्या चिकटवायच्या आधी पंधरा दिवस ॲलन की खिशात ठेवून चालव, टोकं जराशी खाली झुकवली की मनगट कुठे सुटतं ते रस्त्यावरच कळतं. माझं बटरफ्लाय माळ्यावर आहे, टेपसकट. सोलापूरकडे सरळ रस्त्याने जायचा बेत असेल तर ते घेऊन जा म्हटलं, कोकणासाठी मात्र देणार नाही.